स्वयंपाकघराचे नूतनीकरण : महापालिकेची परवानगी कशासाठी लागते आणि सोसायटीची कशासाठी?

तिसरा_मजला (प्रश्न)

नमस्कार. पुण्यात सिंहगड रस्त्यावर आमची दोन शयनगृहांची सदनिका आहे. इमारत 1997 साली पूर्ण झाली. खाली वाहनतळ आणि वर चार मजले अशी तिची रचना असून आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. स्वयंपाकघर मूळचेच अरुंद आहे. ओट्याचा कडाप्पा जागोजागी उखडला आहे आणि सिंकखालची भिंत सतत ओली राहते, म्हणून या दिवाळीनंतर सगळे काम एकदाच करून घ्यावे असे आम्ही ठरवले आहे.

स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्यामधली भिंत काढून तेथे खुला ओटा करावा, सिंक आणि भांडी घासण्याची जागा ड्राय बाल्कनीत न्यावी, त्या बाल्कनीला सरकत्या काचा बसवून ती बंद करावी, ओट्याची दिशा बदलत असल्याने गॅसची पाइपलाइन दुसऱ्या भिंतीवर घ्यावी आणि जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवावी, असा एकूण बेत आहे. ठेकेदार म्हणतो की घराच्या आतले काम असल्यामुळे कोणाच्याही परवानगीची गरज नाही. सोसायटीचे सचिव म्हणतात की आधी महापालिकेची परवानगी आणा, मगच आम्ही अर्ज स्वीकारू. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात तोंडी चौकशी केली, तेव्हा अशा कामासाठी येथे अर्ज घेतच नाहीत असे उत्तर मिळाले. ही तिन्ही उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत.

आमच्या खालच्या घरात एक वृद्ध दांपत्य राहते. आमच्या कामामुळे त्यांच्या छताला गळती लागू नये, याची मला परवानगीइतकीच काळजी आहे. कोणत्या कामासाठी कोणाकडे आणि कोणत्या क्रमाने जावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

---

तुळई_आणि_स्तंभ

ताई, मी स्ट्रक्चरल अभियंता आहे आणि पुण्यातील जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करतो. आपल्याला मिळालेली तिन्ही उत्तरे अर्धी बरोबर आहेत आणि गोंधळ त्यातूनच झाला आहे.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 याच्या कलम 43 नुसार विकासकामासाठी नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते. मात्र ज्या देखभालीचा, सुधारणेचा किंवा फेरबदलाचा परिणाम केवळ इमारतीच्या अंतर्भागापुरता राहतो, अथवा ज्यामुळे तिचे बाह्य स्वरूप लक्षणीयरीत्या बदलत नाही, अशी कामे त्याच कलमाच्या परंतुकाने, म्हणजे अपवादाच्या तरतुदीने, या अटीतून वगळली आहेत. ओटा बदलणे, फरशी घालणे, कपाटे आणि ट्रॉल्या बसवणे, नळ व सिंक बदलणे ही कामे या सवलतीत बसतात. क्षेत्रीय कार्यालयाने अर्ज घेतला नाही, तो यामुळेच. ड्राय बाल्कनी काचा लावून बंद करण्याचे काम मात्र वेगळे आहे. ते बाहेरून दिसते आणि मंजूर नकाशात बाल्कनी म्हणून दाखवलेल्या जागेचा वापर बदलून तिची खोली होते, त्यामुळे चटई क्षेत्राचा, म्हणजे परवानगी असलेल्या एकूण बांधकाम क्षेत्राचा, प्रश्न उपस्थित होतो. विनापरवाना विकासकामासाठी याच अधिनियमाच्या कलम 53 खाली ते काढून टाकण्याची नोटीस देता येते आणि कलम 52 मध्ये शिक्षेचीही तरतूद आहे. शेजारच्या दहा घरांनी बाल्कन्या बंद केल्या आहेत, हा युक्तिवाद तेव्हा उपयोगी पडत नाही. म्हणून एवढा एक भाग मूळ बेतातून वेगळा काढावा आणि त्यासाठी परवानाधारक वास्तुविशारदामार्फत महापालिकेकडे रीतसर विचारणा करावी. बाकीचे काम त्याच्यासाठी अडवून ठेवण्याचे कारण नाही.

आता भिंतीविषयी. कायद्याने आतल्या कामाला सवलत दिली, याचा अर्थ आतली प्रत्येक भिंत काढता येते असा होत नाही. जुलै 2017 मध्ये घाटकोपरच्या दामोदर पार्क परिसरातील चार मजली इमारत कोसळून 17 जणांचा मृत्यू झाला, तेव्हा तळमजल्यावर चालू असलेले अंतर्गत फेरबदलच चौकशीच्या केंद्रस्थानी आले होते. आपली इमारत 1997 ची आहे आणि खाली वाहनतळ आहे, म्हणजे ती बहुधा आर.सी.सी. (सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या स्तंभ-तुळयांच्या) चौकटीची असावी, आणि अशा इमारतीत साडेचार इंची विटांची आतली भिंत सामान्यतः केवळ आडोशाची असते. परंतु हा अंदाज आहे आणि अंदाजावर भिंत पाडायची नसते. इमारतीचे आर.सी.सी. नकाशे मिळवा. ते मिळाले नाहीत तर अभियंत्याला प्रत्यक्ष जागेवर बोलवा. भिंतीच्या वर तुळई आहे का, ती दोन स्तंभांमध्ये नीट टेकली आहे का, वरच्या मजल्यावरची भिंत याच रेषेत उभी आहे का आणि दाराच्या चौकटीवरचे लिंटेल (आडवा आधार) पुढे कोणत्या भिंतीत शिरते, हे त्याने पाहून लेखी द्यावे. "ठोकून पाहिले, पोकळ वाजते" हा ठेकेदाराचा दाखला पुरेसा मानू नये.

जुन्या फरशीवर नवी फरशी बसवण्याचा विचार सोडून द्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. राहत्या घराच्या स्लॅबचे संकल्पन करताना माणसे आणि सामान यांच्यासाठी प्रति चौरस मीटर सुमारे 200 किलो भार धरतात. दोन इंच जाडीचा नवा माल आणि फरशी मिळून प्रति चौरस मीटर सुमारे 100 किलो कायमचे वजन वाढते, म्हणजे हिशोबात धरलेल्या भाराचा निम्मा वाटा एका फरशीनेच खाल्ला जातो. बाल्कनी बाहेर झुकलेल्या स्लॅबची असेल तर तिच्या टोकाला विटांचा कट्टा किंवा भिंत बांधणे त्याहून घातक आहे. साडेचार इंची, पूर्ण उंचीची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली भिंत प्रत्येक धावत्या मीटरला 700 ते 800 किलो भरते. ओट्याच्या ग्रॅनाइटची चिंता मात्र नको; त्याचे वजन तुलनेने किरकोळ असते.

---

माजी_सचिव

मी अनेक वर्षे एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव होतो, म्हणून सोसायटीची बाजू मांडतो.

सर्वप्रथम आपली संस्था सहकारी गृहनिर्माण संस्था आहे की अपार्टमेंट, हे तपासा. पुण्यात अपार्टमेंट पुष्कळ आहेत आणि रहिवासी सवयीने दोन्हींना सोसायटीच म्हणतात. सहकारी संस्था असेल तर आदर्श उपविधींतील (संस्थेच्या कारभाराच्या नमुना नियमांतील) क्रमांक 46 लागू होतो. त्यानुसार व्यवस्थापक समितीच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय सभासदाला सदनिकेत कोणतीही वाढ किंवा फेरबदल करता येत नाही. येथे "आतले काम" अशी सवलत नाही, त्यामुळे ठेकेदाराचे म्हणणे या ठिकाणी टिकत नाही. अपार्टमेंट असेल तर महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, 1970 याचे कलम 8 पाहावे लागते. इमारतीच्या भक्कमपणाला किंवा सुरक्षिततेला धोका पोहोचेल, तिचे मूल्य घटेल अथवा इतरांच्या हक्कांना बाधा येईल, असे काम त्या कलमाने इतर सर्व सदनिकाधारकांच्या एकमताच्या संमतीशिवाय करता येत नाही. ही अट समितीच्या परवानगीपेक्षा पुष्कळ कडक आहे.

आपल्या सचिवांनी सगळ्याच कामाला महापालिकेची परवानगी मागावी, हे मला योग्य वाटत नाही. जे काम कायद्याने वगळले आहे त्याची परवानगी महापालिका देणार नाही आणि ती नाही म्हणून समिती अर्जही घेणार नाही, तर सभासदाने जायचे कोठे? मात्र त्यांची भीतीही मला समजते. उद्या काही विपरीत घडले तर पहिला प्रश्न त्यांनाच विचारला जाईल आणि त्यांच्याजवळ आधाराला कागद नसेल. तो कागद आपण त्यांना द्यावा. अर्जासोबत सध्याचा आणि प्रस्तावित असा दोन्ही आराखडा जोडा, स्ट्रक्चरल अभियंत्याचा सहीनिशी अभिप्राय जोडा, बाल्कनी बंद करण्याचा भाग या अर्जात समाविष्ट नाही असे स्पष्ट लिहा आणि गळती झाल्यास दुरुस्तीची जबाबदारी स्वीकारणारे हमीपत्र द्या. अर्ज घेण्यास नकार मिळाला तर तो नोंदणीकृत टपालाने पाठवावा. एवढी कागदपत्रे समोर असताना नकार द्यायचा झाला, तर समितीला त्याची कारणे लेखी द्यावी लागतील आणि ती देणे सोपे नसेल.

आमच्याकडे काम सुरू होण्यापूर्वी खालच्या घराच्या छताची छायाचित्रे दोन्ही सभासदांच्या उपस्थितीत काढून दोघांच्या सह्या घेण्याची पद्धत होती. भिंतीला पूर्वीपासून असलेला ओलावा आणि नंतर आलेला ओलावा यांवरून होणारे वाद त्यामुळे जवळजवळ थांबले. आपण खालच्या दांपत्याचा विचार करत आहात, हे वाचून समाधान वाटले. त्यांच्याकडे स्वतः जाऊन कामाच्या वेळा सांगा आणि दुपारी दोन तास तोडफोड बंद ठेवण्याची अट ठेकेदाराच्या करारातच घाला.

राडारोडा कोठे जाणार, हेही आधी ठरवून घ्यावे. बांधकाम व पाडकाम कचऱ्याची विल्हेवाट हा स्वतंत्र नियमांचा विषय आहे आणि नदीपात्रात किंवा टेकडीच्या पायथ्याशी टाकलेल्या पोत्यांमुळे दंड होऊ शकतो. ठेकेदार "मी बघतो" म्हणाला, तर महापालिकेच्या अधिकृत संकलन केंद्राची पावती मागा.

---

बाविसावा_मजला

ठाण्यातून लिहितो. हा प्रश्न वाचणाऱ्यांपैकी कोणी नव्या टॉवरमध्ये राहत असतील, तर वरचे उत्तर त्यांना जसेच्या तसे लागू होणार नाही, म्हणून हा खुलासा. गेल्या काही वर्षांत अनेक उंच इमारती ॲल्युमिनियमच्या साच्यात, ज्याला बांधकामावरची मंडळी सरसकट मायवान म्हणतात, ओतल्या जातात. त्यांत खोल्यांमधल्या भिंतीही काँक्रीटच्याच असतात आणि पुष्कळदा त्याच इमारतीचा भार आणि भूकंपाचे आडवे बल पेलतात. आडोशाची भिंत आणि भार पेलणारी भिंत हा भेद तेथे डोळ्यांना दिसत नाही. आमच्या टॉवरमध्ये एका घरात चिमणीच्या नळीसाठी भिंतीला गोल भोक पाडताना सळ्या तुटल्या आणि काम तेथेच थांबवावे लागले. अशा इमारतीत खुले स्वयंपाकघर करण्याचा विचार बहुतेक वेळा सोडूनच द्यावा लागतो, आणि चिमणीचे भोकदेखील अभियंत्याने दाखवलेल्या जागीच पाडावे लागते.

आणखी एक बाब. स्थावर संपदा अधिनियम, 2016 याच्या कलम 14 नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत आढळलेले संरचनात्मक दोष विकसकाने विनामूल्य दुरुस्त करून द्यायचे असतात. त्या काळात आपण भिंती किंवा नळजोडणी यांत फेरबदल केले, तर नंतरच्या गळतीचे खापर आपल्याच कामावर फोडण्याची संधी विकसकाला मिळते. नव्या घरात मोठी तोडफोड करण्यापूर्वी हे गणित मांडून पाहावे.

---

गिरगावची_चाळ

मुंबईतील पागडीच्या घरांत राहणाऱ्यांसाठी थोडे लिहिते. आमच्याकडे सोसायटी नसते, घरमालक असतो, आणि ओटा बांधला म्हणून खोली खाली करण्याची धमकी ऐकलेली कुटुंबे माझ्या परिचयात आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 याच्या कलम 16 नुसार घरमालकाच्या लेखी संमतीशिवाय कायम स्वरूपाचे बांधकाम केले, तर ते ताबा मागण्याचे कारण ठरू शकते. परंतु त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात काही कामे कायम स्वरूपाच्या बांधकामातून वगळली आहेत. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकघरातील उभा ओटा, हवेसाठी आवश्यक खिडकी, छताखालचे फॉल्स सीलिंग आणि धूर बाहेर सोडणारी चिमणी यांचा त्यांत समावेश आहे. आवश्यक तेथे महापालिकेची परवानगी मात्र घेतलेली असावी लागते. उभ्याने स्वयंपाक करता यावा एवढी साधी गरज कायद्यात नावानिशी नोंदवली गेली आहे, हे चाळीतल्या बायकांना माहीत असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 याच्या कलम 342 मध्ये किरकोळ दुरुस्ती म्हणजे काय, हेही सांगितले आहे. गिलावा, रंग, फरशी बदलणे, मोरी दुरुस्त करणे, नळ, सांडपाण्याचे नळ आणि विजेची जोडणी बदलणे ही कामे तिच्यात येतात. बांधकामाची लांबी, रुंदी किंवा उंची बदलणारे काम येत नाही. त्यामुळे पोटमाळा उंच करणे किंवा मोरी बाहेर सज्जात काढणे हे काम किरकोळ दुरुस्तीच्या नावाखाली करता येणार नाही. उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी) इमारत असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडेही चौकशी करावी.

---

तिसरा_मजला

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नोंदणी प्रमाणपत्र पाहिले. आमची सहकारी गृहनिर्माण संस्थाच आहे. बाल्कनी बंद करण्याचा विचार सध्या बाजूला ठेवत आहोत आणि जुनी फरशी काढूनच नवी बसवणार आहोत. परंतु बाल्कनी उघडी ठेवली तरी सिंक तेथे नेता येईल का? तेथे वॉशिंग मशीनसाठी एक नहाणी ट्रॅप आहे. शिवाय गॅस आणि वीज यांच्यासाठी वेगळी परवानगी लागते का? नळाचा गॅस आहे आणि नव्या ओट्यावर इंडक्शन व ओव्हन दोन्ही हवे आहेत.

---

परवानाधारक_वायरमन

वीज आणि गॅस यांविषयी सांगतो. घरातील विजेची नवी जोडणी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावी आणि काम संपल्यावर त्याच्याकडून चाचणी अहवाल घ्यावा. 2000 वॅटची इंडक्शन शेगडी एकटीच सुमारे 9 अँपिअर प्रवाह घेते. ओव्हन आणि पाणी तापवण्याचा गिझर एकाच वेळी चालू असतील, तर नव्वदच्या दशकातील वायरिंगला तो भार झेपण्याची शक्यता कमी असते. ओट्यावरील मोठ्या उपकरणांसाठी फलकापासून स्वतंत्र वायर, 16 अँपिअरचे सॉकेट आणि पूर्ण घरासाठी 30 मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) घ्या. एकूण भार वीज बिलावर छापलेल्या मंजूर भारापेक्षा जास्त होत असेल, तर महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करावा लागतो. हा अर्ज घराचे काम चालू असतानाच करावा, कारण मीटर किंवा मुख्य वायर बदलायची झाली तर ती नव्या रंगानंतर बदलणे त्रासाचे होते.

नळाच्या गॅसची लाइन प्लंबरने कधीही हलवू नये. गॅस कंपनीकडे अर्ज केला की त्यांची अधिकृत माणसे येऊन लाइन वळवतात आणि गळतीची तपासणी करतात. त्यांनी टाकलेली पाइप नंतर भिंतीत गाडू नका किंवा बंद कपाटात कोंडू नका. नळाचा गॅस हवेपेक्षा हलका असल्याने वर साचतो, म्हणून वरच्या बाजूला हवा जाण्याची वाट हवी. सिलिंडरचा गॅस जड असल्याने खाली साचतो, म्हणून सिलिंडरच्या कपाटाला तळाशी झरोके लागतात. मॉड्युलर किचनवाले हा फरक सहसा विचारात घेत नाहीत.

---

तुळई_आणि_स्तंभ

ताई, सिंक उघड्या बाल्कनीत नेता येईल, पण ते पाणी कोठे जाते हे आधी पाहावे लागेल. अनेक जुन्या इमारतींत बाल्कनीचा नळ खाली पावसाच्या पाण्याच्या नळाला जोडलेला असतो. खरकटे, तेलकट पाणी त्यात सोडणे चुकीचे आहे. तो नळ तुंबतो आणि तुंबलेले पाणी खालच्या बाल्कनीतून वर येते. ड्राय बाल्कनीतील ट्रॅप सांडपाण्याच्या नळाला जोडला आहे, याची खात्री बादलीभर रंगीत पाणी ओतून आणि खाली चेंबर उघडून करता येते. जोडणी पावसाच्या नळाला असेल तर सिंक जुन्याच भिंतीवर ठेवा, किंवा नवी जोडणी सोसायटीच्या संमतीने बाहेरच्या सांडपाण्याच्या नळात घ्या. बाहेरचे नळ सामाईक मालमत्ता असल्यामुळे ती संमती ओट्याच्या परवानगीत आपोआप येत नाही. अर्जात तिचा वेगळा उल्लेख करावा.

जागा बदलली नाही तरी सिंकखालची फरशी उखडली की जुने वॉटरप्रूफिंग गेले, असेच समजावे. नवा थर दिल्यावर फरशी बसवण्यापूर्वी ट्रॅप बंद करून तेथे किमान 24 तास पाणी साठवून ठेवा आणि खालच्या घरात जाऊन छत स्वतः पाहा. या चाचणीच्या वेळी खालच्या दांपत्यालाही बोलावून घ्यावे. नळांसाठी भिंतीत खाचे पाडताना उभा खाचा भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून खोल आणि आडवा खाचा एक षष्ठांशाहून खोल नसावा, ही भार पेलणाऱ्या विटकामासाठीची मर्यादा आडोशाच्या भिंतीलाही पाळलेली बरी. साडेचार इंची भिंतीत दोन्ही बाजूंनी समोरासमोर खाचे पाडू देऊ नका. तुळईत आणि स्तंभात तर एकही खाचा किंवा भोक नको, मग ते चिमणीचे असो वा वायरचे.

क्रम विचारला होता, म्हणून सांगतो. प्रथम नकाशे मिळवा. सोसायटीकडे नसतील तर माहितीच्या अधिकाराखाली 10 रुपये शुल्क भरून महापालिकेच्या बांधकाम विभागाकडे मंजूर नकाशाची प्रत मागता येते. त्या दप्तरात आर.सी.सी. नकाशे असतीलच असे नाही, तरीही स्तंभांच्या जागा आणि बाल्कनीची मूळ हद्द त्यावरून कळते. नंतर अभियंत्याची पाहणी आणि अभिप्राय, मग सोसायटीकडे अर्ज. ती मंजुरी हातात आल्यावर गॅस कंपनी आणि महावितरण यांचे अर्ज करा, आणि त्यानंतरच ठेकेदाराला आगाऊ रक्कम द्या. आपला ठेकेदार परवानगीची गरज नाही असे आधीच म्हणाला आहे, म्हणून अभियंत्याचा अभिप्राय त्याच्या कराराला जोडा आणि भिंत पाडण्याच्या दिवशी अभियंता जागेवर उपस्थित राहील, अशी अट त्यात लिहून घ्या.

---

तिसरा_मजला

माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहायला घेतला आहे. खालच्या काकांशी काल बोलणे झाले; त्यांच्या स्वयंपाकघराच्या छतावर आमच्या सिंकखालीच एक जुना डाग आहे आणि संकोचामुळे त्यांनी तो आजवर सांगितला नव्हता. काम सुरू होण्याआधी त्याची छायाचित्रे आम्ही दोघांनी मिळून काढून ठेवणार आहोत आणि त्या छताच्या दुरुस्तीचा खर्च आमच्या अंदाजपत्रकात धरला आहे. अभियंत्यांची पाहणी झाल्यावर भिंतीचे काय ठरले, ते येथेच कळवते.